सीताफळं पिकली की ये

आदिलाबाद शहराच्या कडेला, बंद पडलेल्या एका कापूस जिनिंगच्या मागे, मुरमाचे एक मैदान आहे. त्याच्या फाटकावरचा फलक तीन भाषांत मोठमोठ्या गोष्टी सांगतो. फाटकाला मात्र कडी नाही, नळाला पाणी नाही, आणि फलकावर जिचे रंगीत चित्र आहे ती प्रेक्षकांची गॅलरी गेली नऊ वर्षे चित्रातच आहे. या मैदानावर जे खरोखर आहे, त्याचा फलकावर उल्लेख नाही. रविवारी सकाळी साडेसहाला ते चुन्याचे घमेले कमरेला लावून उभे असते. त्याचे नाव शकुबाई दुर्गे.

शकुबाई मैदानावर फक्की मारते. म्हणजे चुन्याच्या भुकटीने पांढऱ्या रेषा आखते. तिचा नवरा डोमाजी या मैदानाचा राखणदार होता. तो गेल्यावर राखणदारी दुसऱ्याला मिळाली आणि चुना हिच्याकडे राहिला. त्याला बत्तीस वर्षे झाली. इतक्या वर्षांच्या चुन्याने तिच्या बोटांची पेरे भेगाळली आहेत. दोर ताणून ती रेष सुरू करते खरी, पण निम्म्यात आल्यावर दोराकडे पाहणे सोडून देते, आणि तरीही रेष पलीकडच्या खुंटीला जाऊन अशी भिडते की मोजणीखात्याच्या माणसाने मान खाली घालावी. मुले तिला चुनाआजी म्हणतात. कार्यालयाच्या कागदांत तिला काय म्हणतात ते कोणी पाहिलेले नाही. बहुधा काहीच म्हणत नसावेत.

हेरंब माहूरकर तिच्यासमोर पहिल्यांदा उभा राहिला तो एका जुलैमधल्या रविवारी, मुलीचे बोट धरून, आणि काहीसा रागातच.

हेरंब तहसील कचेरीत वरिष्ठ सहायक होता. त्याचे पणजोबा निजामाच्या अमलात माहूरहून दप्तर सांभाळायला इकडे आले, आणि तेव्हापासून या घराण्याचा कागदावर विश्वास आहे. हेरंबच्या कपाटात त्याने स्वतः केलेल्या एकवीस तक्रारींच्या नकला होत्या: तुंबलेली नाली, बंद पथदिवे, मराठी शाळेचे एकेक करून मिटवलेले वर्ग. उत्तरे चार आली होती, त्यांतली दोन दुसऱ्याच्याच नावावर. तरीही तो लिहीत राहिला. कारण न लिहिणारा माणूस या देशात अस्तित्वातच नसतो, असे त्याचे मत होते, आणि ते खोडून काढणे अवघड आहे.

वयाच्या चाळिसाव्या वर्षी त्याला मुलगी झाली. अदिती. ती आता पावणेसहा वर्षांची होती, आणि बाजारातून येताना एकदा या मैदानावर हॉकी खेळणारी मुले तिने पाहिल्यापासून घरातले लिंबू सुरक्षित उरले नव्हते. वरणाच्या पळीने लिंबू ढकलत ती ओटीवरून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून अंगणात जायची. हेरंबची बायको अपूर्वा सरकारी दवाखान्यात रक्त तपासते, ती म्हणाली, "पळी परत द्या मला, आणि तिला खरी स्टिक तरी आणून द्या."

पण मूल हॉकीला तयार झाले हे ठरवायचे कोणी? हेरंबने मोबाइलवर वाचले. कुणी म्हणे पाचव्या वर्षी, कुणी म्हणे आठच्या आत पाठीच्या कण्याला वाक देऊच नये. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "खेळू द्या हो." हे काही उत्तर नव्हे. शेवटी तो मैदानावरचे प्रशिक्षक राघवेंद्र सर यांच्याकडे गेला. मैदानावरच्या प्रशिक्षण केंद्राचा नियम असा होता की सात वर्षे पुरी व्हायच्या आत मुलाचे नाव हजेरीपटावर चढले पाहिजे. त्यानंतर नवे नाव घेत नाहीत. म्हणजे अदितीच्या हाती चौदा महिने होते.

"नाव मी चढवतो," सर म्हणाले. "पण आधी शकुबाईंनी मुलाला त्याची स्वतःची काठी दिली पाहिजे."

"त्या कोण? निवड समितीच्या?"

"त्या फक्की मारतात."

हेरंबला वाटले, सर थट्टा करताहेत. सरांचा चेहरा थट्टेचा नव्हता.

तर त्या जुलैमधल्या रविवारी शकुबाईने हातातली रेष संपवली, घमेले खाली ठेवले आणि ती अदितीसमोर उकिडवी बसली.

"नाव काय तुजं?"

"अदिती."

"खाऊन आली का?"

"पोहे खाल्ले."

"मंग चाल."

तिने कापून आखूड केलेली एक जुनी स्टिक अदितीच्या हाती दिली आणि पांढऱ्या रेषेच्या कडेने चेंडू ढकलत न्यायला सांगितले. अदिती निघाली. तिची जीभ ओठाबाहेर आली होती. रेषेच्या निम्म्यात रूपाली उभी होती. ही दहा वर्षांची, दोन वेण्यांची मुलगी त्या मैदानावरची सर्वांत चपळ खेळाडू. अदिती जवळ येताच रूपालीने अलगद तिचा चेंडू काढून घेतला आणि पळाली. अदितीने एक किंकाळी फोडली, स्टिक दोन्ही हातांनी डोक्यावर नेली आणि रूपालीच्या पोटरीच्या दिशेने हाणली. रूपालीने न पाहताच उडी मारून ती चुकवली. तिला हे रोजचे असावे.

"बस, माय," शकुबाई म्हणाली आणि अदितीच्या मुठीतून काठी हळूच सोडवून घेतली. "सीताफळं पिकली की ये."

"म्हणजे कधी?" हेरंबने विचारले.

"पिकली की."

"तारीख सांगा ना, बाई. मला लिहून ठेवायचीय."

"झाडाले इचारा, साहेब. मी काऊन सांगू त्याची तारीख?"

आजूबाजूचे दोघेतिघे पालक हसले. हेरंब तापला. "निदान तिचं काय चुकलं ते तरी सांगाल?"

"काई नाई चुकलं तिचं," शकुबाई म्हणाली, आणि घमेले उचलून निघून गेली.

शकुबाई पालकांना कारण सांगत नसे. तेलुगू बोलणाऱ्या आयांना ती तेलुगूत सीताफळांचा वायदा द्यायची, जिनिंगच्या मागच्या गल्लीतल्या मुसलमान पोरांना उर्दूत आंब्यांचा. कुणाला पऱ्हाटीला कापूस फुटल्यावर यायचे असे, कुणाला बोरे आल्यावर. बत्तीस वर्षांत तिने कोणाला कोणते फळ सांगितले होते, हे तिला पाठ होते. मूल परत आले की ती नावाआधी फळ उच्चारायची.

न सांगितलेला नियम हा हेरंबसारख्या माणसाला दातात अडकलेल्या काडीसारखा असतो. त्याने दोनशे पानी वही विकत घेतली. दर रविवारी तो मैदानाच्या कडेला कडुनिंबाखाली बसू लागला आणि प्रत्येक मुलाची नोंद करू लागला: नाव, वय, काठी कोणत्या क्षणी किती वर गेली, निकाल. दोन महिन्यांत तेवीस मुले झाली. तेवीसमध्ये नियम सापडला, असे त्याला वाटले. चेंडू हिसकावला गेल्यावर ज्याची काठी गुडघ्याच्या वर जाते, तो परत पाठवला जातो. तीन मुले मात्र या नियमात बसत नव्हती. त्यांच्या काठ्या खांद्यापर्यंत गेल्या होत्या आणि तरीही शकुबाईने त्यांना काठी दिली होती. त्यांतली एक मुलगी शकुबाईच्याच वस्तीतली निघाली. बाकीच्या दोघांची चौकशी हेरंबने केली नाही. तिन्ही नावांपुढे त्याने लाल शाईने एकच शब्द लिहिला: वशिला.

नियम सापडला की त्याची तयारी करून घ्यायची, हे आपल्या शिकलेल्या घरांत उपजतच येते. हेरंब स्वतः सातवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेला मागच्या दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका पाठ करून बसला होता आणि जिल्ह्यात दुसरा आला होता. त्या परीक्षेत काय विचारले होते, ते आज त्याला एका शब्दानेही आठवत नाही. त्याने रोज संध्याकाळी अंगणात अदितीचा चेंडू पन्नास वेळा हिसकावायला सुरुवात केली. सुरुवातीला तिची काठी दर वेळी उसळायची. मग त्याने एक सुतळी आणली. एक टोक काठीला बांधले, दुसरे अदितीच्या डाव्या पैंजणाला. सुतळी इतक्याच लांबीची की काठी गुडघ्याच्या वर जाऊच नये.

"पोरीला हॉकी शिकवताय की बैलाला दावं लावताय?" अपूर्वाने कपडे वाळत घालता घालता विचारले.

"हात वळण लक्षात ठेवतात. महिन्याभराने सुतळी लागणार नाही."

आणि खरोखरच लागली नाही. ऑक्टोबरमध्ये, बाजारात सीताफळांच्या टोपल्या आल्या तेव्हा, अदितीची काठी जमिनीला खिळल्यासारखी राहत होती. हेरंब चेंडू काढून घ्यायचा आणि ती जागेवर थांबून त्याच्याकडे पाहायची. "शाब्बास," तो म्हणायचा.

"सीताफळ," शकुबाई अदितीला पाहून म्हणाली. "चाल, माय."

अदिती चेंडू घेऊन निघाली. रूपाली आडवी आली, चेंडू घेऊन गेली. काठी तसूभर हलली नाही. कडुनिंबाखाली हेरंबचा श्वास मोकळा झाला. सातव्या वाढदिवसाला अजून अकरा महिने होते; नाव आजच चढले असते.

शकुबाईने रूपालीला पुन्हा चेंडू न्यायला सांगितले, मग आणखी एकदा. ती चेंडूकडे पाहतच नव्हती, काठीकडेही नाही. तिसऱ्या खेपेनंतर ती उठली, अदितीजवळ गेली, खाली वाकली आणि त्या मुलीच्या डाव्या घोट्यावर आपले भेगाळलेले बोट ठेवले. नेमके तिथे, जिथे गाठ असायची. तिथे ना व्रण होता, ना सुतळीचा धागा. पैंजणसुद्धा त्या दिवशी घरीच काढून ठेवले होते.

"हिले बांधून ठेवलं व्हतं का कोणी?"

हेरंब कडुनिंबाखालून पुढे आला. "कोणी सांगितलं तुम्हाला?"

"काठी पुढं जाते तवा हिचा डावा पाय बी संगच जाते. दोर नाई तं बी जाते." मग ती म्हणाली, "अन् बॉल गेल्यावर हे लेकरू बॉलच्या मागं नाई पाहत. तुमच्याकडं पाहते." ती अदितीकडे वळली. "मोहाची फुलं पडली की ये, माय."

मोहाची फुले पडतात मार्चमध्ये. हेरंब घरी आला तो कोणाशी न बोलता. नसलेल्या दोराची गाठ तिला दिसली, याचे जे भय त्याला वाटले होते, त्याला त्याने ओळखीचे रूप दिले. त्याने कागद काढला. बाविसावी तक्रार पाच मुद्द्यांची झाली. एक, प्रवेशाचा निकष लेखी नाही. दोन, वयाचे प्रमाणपत्र असताना फळाफुलांचे वायदे दिले जातात. तीन, निर्णय करणारी व्यक्ती अशिक्षित असून तिला तसा कोणताही अधिकार नाही. चार, विशिष्ट वस्तीतील मुलांना झुकते माप. सोबत तीन नावे जोडली आहेत. पाच, माझ्या पाल्याचे होणारे नुकसान भरून न येणारे आहे. भाषा निर्दोष होती. अशी मराठी आता या जिल्ह्यात तीनचार माणसांनाच लिहिता येत असेल, आणि ती वाचणारा अधिकारी तर एकही उरलेला नाही.

सोमवारी संध्याकाळी तो कागद घेऊन राघवेंद्र सरांकडे गेला. तक्रार वर पाठवण्याआधी तिची पोच घ्यावी म्हणून. सर मैदानाच्या खोलीत स्टिकांना सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळत बसले होते. त्यांनी कागद पूर्ण वाचला, दोन्ही बाजूंनी.

"तिसऱ्या मुद्द्यात भर घाला," ते म्हणाले. "त्या अशिक्षित आहेत, आणि एकदा त्यांच्याकडून मोठी चूकही झालेली आहे. लेखी पुरावा नाही, पण साक्षीदार मी आहे."

हेरंब खुर्चीवर पुढे सरकला.

"तेव्हा माझे वडील इथे पोस्टात होते. मी सात वर्षांचा होतो. जुन्या काठ्या कापून, बांधून मुलांना द्यायचं काम तेव्हाही त्याच करायच्या. मी लांब मारायचो, एका टोल्यात चेंडू नालीपर्यंत. म्हणून माझ्याहून मोठी मुलं असताना त्यांनी काठी मला दिली. त्यांचा मुलगा नागनाथ माझ्याच वयाचा. पहिल्याच आठवड्यात त्याने माझ्याकडचा चेंडू काढून घेतला. सरळ, नियमाने. मला राग आला." सरांनी पट्टी ओढून घट्ट केली. "नागनाथचा उजवा डोळा गेला."

बाहेर मुले चेंडूमागे ओरडत होती. सर सांगत राहिले.

"वडील मला फरफटत त्यांच्या घरी घेऊन गेले. म्हणाले, पोलिसांत द्या, मारा, काहीही करा. शकुबाई दवाखान्यातून नुकत्याच आल्या होत्या. त्या माझ्या वडलांना म्हणाल्या, 'पोरगं तयार नवतं. काठी म्या देल्ली.' एवढंच. मला एक शब्द बोलल्या नाहीत. पुढल्या रविवारी माणूस पाठवून मला मैदानावर बोलावून घेतलं. मला वाटलं, आता सगळ्यांसमोर काही होणार. त्यांनी माझ्या हातात फक्कीच्या दोराचं एक टोक दिलं. दुसरं टोक नागनाथच्या हातात होतं, डोळ्याला पट्टी बांधलेल्या. वर्षभर, माहूरकर, दर रविवारी. तो पलीकडून ओरडायचा, 'राघू, सरळ हाय का? मले नाई समजत.' आणि मी सांगायचो, सरळ आहे."

"आणि मग?"

"मग पुढच्या वर्षी एका सकाळी त्यांनी मला काठी दिली. का दिली, कोणत्या गोष्टीवरून दिली, ते मला आजही नक्की सांगता येणार नाही. मी राज्यातर्फे खेळलो. शिक्षण संपल्यावर इथलीच जागा मागून घेतली. नागनाथ वांकिडीच्या शाळेत शिक्षक आहे. त्याच्या दीक्षाला, स्वतःच्या नातीला, या बाईने चार वर्षं काठी दिली नाही. सातवं वर्ष उलटून गेलं तरी नाही. ती आता हॉकीऐवजी शर्यतीत धावते." सरांनी कागद घडी घालून परत केला. "त्या दिवसापासून त्यांनी दिलेल्या काठीने या मैदानावर कोणाचा दातसुद्धा पडलेला नाही. चौथ्या मुद्द्याचं मात्र मला माहीत नाही. ते तुम्हीच पाहा."

हेरंबने कागद खिशात ठेवला. पोच मागायला तो विसरला, आयुष्यात पहिल्यांदाच.

दुसऱ्या रविवारी तो फक्की संपण्याची वाट पाहत उभा राहिला आणि शकुबाईला म्हणाला, "बाई, मी काय करू आता? सांगाल ते करतो."

तिने हातांचा चुना झटकला. "तुमी काई करू नका, साहेब. तुमाले तेच जड जाईन."

"आणि अदिती?"

"तिले पाठवा दोर धराले. घरी बॉल नाई, काठी नाई. अन् तुमी फाटकाच्या बाहीर बसा."

आदिलाबादची थंडी ज्याने भोगली आहे त्यालाच ठाऊक. त्या हिवाळ्यात पहाटे धुके असे दाटायचे की मैदानाचे पलीकडचे टोक दिसायचे नाही. हेरंब फाटकाबाहेर स्कूटरवर मफलर गुंडाळून बसायचा. आत धुक्यात दोराचे एक टोक अदितीच्या हातात असायचे, आणि दुसऱ्या टोकाला शकुबाई. आवाज तेवढे ऐकू यायचे.

"ढिला करून राह्यली तू."

"आजी, माझे हात गारठले."

"माजे बी. ओढ."

"आजी, तू दोराकडं न बघता कशी जाते?"

"पायाले ठावं हाय."

घरी त्याने काही केले नाही. यात काय कष्ट आहेत, हे एखाद्या शिकलेल्या बापालाच विचारावे. अदिती पुन्हा पळीने लिंबू ढकलू लागली, आणि तो वर्तमानपत्र डोळ्यांसमोर धरून बसायचा. एकदा लिंबू त्याच्या पायाशी आले. त्याने अडवण्यासाठी पाय उचलला, मग परत जमिनीवर ठेवला. लिंबू खाटेखाली गेले. अदिती त्याच्याकडे न पाहता पोटावर सरपटत खाटेखाली शिरली.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात गावाकडून येणाऱ्या बायकांच्या टोपल्यांत मोहाची फुले दिसू लागली. त्या रविवारी हेरंबने सवयीने स्कूटर फाटकाबाहेर लावली. कडी नसलेले फाटक वाऱ्याने वीतभर उघडे राहिले होते. सरकारच्या त्या एका हलगर्जीपणाचे उपकार त्याने त्या दिवशी मनोमन मानले.

अदिती दोर गुंडाळून ठेवत होती. शकुबाईने काही घोषणा केली नाही. तिने घमेल्याशेजारची आखूड काठी उचलून अदितीकडे दिली, जणू तीही उचलून ठेवायची होती, आणि चेंडू पायाने तिच्याकडे सारला. अदितीने चेंडू घेतला आणि कोणी सांगायच्या आत रेषेच्या कडेने निघाली. ती आता वाकून चालत होती, आणि पाय तिचे होते, काठीने ओढलेले नव्हते. निम्म्यात रूपाली आली. या खेपेला तिने नुसता चेंडू घेतला नाही; खांद्याने एक धक्काही दिला. अदिती मुरमावर गुडघ्यांवर आपटली.

ती उठली आणि तिची काठी वर गेली. गुडघ्याच्या वर, कमरेच्या वर, खांद्याच्याही वर. रूपालीची पाठ दोन हातांवर होती. या वेळी रूपालीला ते दिसले नव्हते. ती चेंडूकडे पाहत होती. हेरंबने फाटक दोन्ही हातांनी धरले. आत राघवेंद्र सर जागच्या जागी उभे होते आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. शकुबाई उकिडवी बसली होती. ती उठली नाही. तिने हातसुद्धा उचलला नाही.

काठी हवेत थांबली. किती वेळ, ते हेरंबला सांगता येणार नाही. मोहाचे एखादे फूल फांदीवरून जमिनीवर यायला लागतो तेवढा असेल. अदितीच्या लहानशा मनगटांत काहीतरी चालले होते, जसे घट्ट झाकण फिरवताना मनगटात चालते. मग काठी खाली आली. कोणी आणली नाही, तिनेच आणली. काठीचे टोक मुरमाला टेकले, एक रडका हुंदका बाहेर पडला आणि अदिती खरचटलेल्या गुडघ्यांनी रूपालीच्या मागे धावत सुटली.

चेंडू तिला परत मिळाला नाही. त्याकडे कोणाचे लक्षही नव्हते.

"राघू," शकुबाई म्हणाली. चारचौघांत ती त्यांना नेहमी सरच म्हणायची. "नाव चढव."

हेरंब फाटक ढकलून आत आला. "बाई, पण तिची काठी वर गेली होती! मी पाहिली. खांद्याच्या वर गेली होती."

"गेली ना."

"मग?"

"जातेच, साहेब. राग कोनाले येत नाई? वर गेल्याचं मले काई नाई. खाली कोन आणते, ते मी पाहत असतो. कोनाची माय ओरडते म्हून येते, कोनाची तुमच्यासारखं बांधून आणते, कोनाची येतच नाई." ती गुडघ्यांवर हात टेकून उठली. "ज्याची थो सोता आणते, त्याले देऊन टाकतो. आता पाच वर्षाचा असो का साडेसहाचा."

लाल शाईने लिहिलेली ती तीन नावे हेरंबच्या डोळ्यांसमोर आली. वहीत प्रत्येकापुढे त्याने किती वर ते लिहिले होते. काठी खाली कशी आली, याचा रकानाच आखला नव्हता. तेवीस मुले त्याने दोन महिने डोळ्यांत तेल घालून पाहिली, आणि पाहायचे ते नेमके त्या तिघांत होते, ज्यांना त्याने वशिला म्हटले. तक्रारीचा कागद ऑक्टोबरपासून तो रोज शर्टाच्या खिशात ठेवत आला होता. घडीवर आता फाटायला आला होता. तो काढून त्याने चौथा मुद्दा शोधला, वाचला, आणि मग पूर्ण कागदच शकुबाईच्या समोर फाडला.

"काय हाय थे?" तिने विचारले.

"माझी काठी," असे काहीतरी त्याच्या ओठांवर आले होते. त्याची त्यालाच लाज वाटली. "काही नाही, बाई. जुना कागद."

"मैदानावर नका टाकू. पोरं घसरतात."

त्याने तुकडे गोळा करून खिशात घातले.

शकुबाईने अदितीला समोर उभे केले. मैदानाची रीत अशी की काठी मुलाच्या देखत कापायची. तिने काठी अदितीच्या पायाशी उभी धरली, कमरेच्या हाडाशी अंगठा लावून खूण केली आणि छोट्या करवतीने वरचे टोक कापले. भुसा अदितीच्या पायांवर पडला. मग ट्यूबची पट्टी गुंडाळली, दातांनी तोडली.

"ही आता तुजी."

"घरी नेऊ?"

"ने. पन बापाच्या हातात देजो नको."

रूपाली लांबून हसली. "ए चिमणे, येते का? उद्या आणखीन जोरानं पाडीन तुले."

"ये ना तू! ये!" अदिती ओरडली आणि काठी जमिनीवर घासत पळाली.

हेरंब पाहत राहिला. ती चेंडू घेऊन गेली, तो गमावला, परत मिळवला, पडली, उठली. फाटकाच्या बाजूला, जिथे तो उभा होता, तिथे तिने या सगळ्यात एकदाही वळून पाहिले नाही. त्याला वाटले होते की याचे दुःख होईल. झालेही थोडे. पण त्याहून कितीतरी मोठे असे काही होते, ज्यासाठी त्याच्या निर्दोष मराठीतही त्या क्षणी शब्द नव्हता.

मुलांच्या धावण्याने मधली रेष पुसली गेली होती. शकुबाईने घमेले कमरेला लावले आणि इकडेतिकडे पाहिले. दोराचे दुसरे टोक धरायला कोणी नव्हते. हेरंबने चपला काढल्या, टोक उचलले आणि पलीकडच्या खुंटीकडे चालू लागला.